आतलं पोतं

गिरणीवाल्याला डोळे अधू असले तरी चालतात, कान लागतो. दगडांत दाणा आहे तोवर आवाज जाड येतो, तोंडात घास ठेवून बोलल्यासारखा. दाणा संपत आला की आवाज चिरका होतो. संपलाच तर दगडावर दगड घासतो, ठिणग्या उडतात, धार मरते आणि पुढच्या माणसाच्या पिठात कच येते. रिकामी गिरणी फिरवायची नाही, हे त्याला बापानं मुस्काटात मारून शिकवलं होतं. तेव्हापासून त्याचा दगड एकदाही रिकामा फिरला नव्हता. कुणाशी बोलत असो, जेवत असो, कान कायम दगडाकडे.

आणि ह्याच एका शहाणपणापायी त्या सुगीत त्यानं स्वतःची पोर जवळजवळ मारली होती.

नवं धान्य घरोघर आलं होतं आणि त्याच्या पाठोपाठ ताप. अंग भट्टीसारखं व्हायचं, पोटात काही ठरायचं नाही, माणूस दोनतीन दिवस आडवा पडायचा आणि मग उठून दुप्पट जेवायचा. गावाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. ज्याला ताप आला नाही तोच ओशाळल्यासारखा फिरायचा.

वीज सकाळी यायची आणि उन्हं कलली की जायची. तेवढ्या वेळात जेवढं दळून होईल तेवढं. दारापासून रस्त्यापर्यंत पोत्यांची रांग लागे. माणसं पोतं लावून आपापल्या कामाला निघून जात. पोतं उभं आहे म्हणजे माणूस उभा आहे. ही रांग गिरणीवाल्यानं कधी मोडली नव्हती. गावच्या पुढाऱ्याचं पोतं एकदा पुढे घ्यायला नकार दिला म्हणून त्यानं वर्षभर टोमणे खाल्ले होते, पण रांग मोडली नव्हती.

गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून घराच्या दोन खोल्या होत्या. मधलं दार कधी नीट लागायचं नाही, कारण बिजागरीत पीठ बसून बसून तिचा दगड झाला होता. घरात पीठ सगळीकडे होतं. उशांवर, कंदिलाच्या काचेवर, बायकोच्या भुवयांवर. पीठ नसलेली एकच जागा होती, कोनाड्यातला पत्र्याचा डबा. त्यात पोरीचं साखर मोजायचं यंत्र, पट्ट्या आणि सुया असत. डब्याखाली ओलं फडकं गुंडाळलेलं मडकं, त्यात तिचं औषध टोचायची पेनं. त्या कोनाड्याला हात लावायचा तर आधी हात धुवायचे, हा तिचा कायदा. बापालाही माफी नव्हती.

पोरगी पंधराची. लहान असताना तिच्या शरीरानं इन्सुलिन करणं बंद केलं. का, ते कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टरांनीही सरळ सांगितलं की कुणाचा दोष नाही. पण गावाला दोष लागतो. दोष सापडल्याशिवाय गावाला झोप येत नाही. कुणी म्हणालं, लाडानं गोड चारलं. कुणी म्हणालं, आईच्या दुधात खोट. एक बाई कडू मुळ्यांचा रस घेऊन आली आणि सुया फेकून द्या म्हणाली. पोरगी मेली असती तर ही बाई रडायलाही पहिली आली असती. दुसरीनं तर पोरीच्या तोंडावर विचारलं, हिच्याशी लग्न कोण करणार. तेव्हा अकरा वर्षांच्या पोरीनं तिच्याकडे नीट बघून म्हटलं होतं, "काकू, तुमच्या चष्म्याशी कुणी केलं?"

त्या दिवशी बापानं तिचं नाव मास्तरीण ठेवलं. पुढे गावही तेच म्हणायला लागलं.

मास्तरणीच्या सुया दोन जातींच्या. एक जेवणाआधीची, भरभर काम करून संपणारी. दुसरी रोज दिवेलागणीची, सावकाश पाझरत दिवसरात्र पुरणारी. मागच्या हिवाळ्यात तिनं जेवणाआधीची सुई घेतली आणि तेवढ्यात बापानं हाक मारली म्हणून पोती उचलायला गेली. जेवण राहून गेलं. पोत्यांच्या मधोमध ती कोसळली, घामानं निथळत, डोळे पांढरे करून. बायकोनं तिच्या गालाच्या आत साखर चोळली तेव्हा कुठे ती शुद्धीवर आली. गिरणीवाला ते विसरला नाही. त्याच्या डोक्यात एक गोष्ट खिळ्यासारखी ठोकली गेली: पोटात दाणा नसताना सुई म्हणजे रिकाम्या दगडावर मोटरचा पट्टा चढवणं.

मास्तरणीला ताप आला तो संध्याकाळी. शाळेतून आली तीच भिंत धरत. दप्तर टाकलं, एकदा ओकली आणि गोधडीत शिरली. जेवायला उठली नाही. दिवेलागणीला बायकोनं कोनाड्याकडे बघून विचारलं की सुईचं काय. गिरणीवाला हात पुसत उभा होता. म्हणाला, पोटात कण नाही, आज राहू दे, सकाळी खाल्लं की देऊ. बायकोनं कंदील खाली केला. पोरीला उठवावं असं दोघांनाही वाटलं नाही, इतकी ती गाढ झोपली होती.

सकाळी वीज आली, मोटर सुरू झाली आणि पहिलं पोतं दगडात पडलं. गिरणीवाल्यानं पीठ चिमटीत घेऊन चोळून पाहिलं, ठीक आलं होतं. एवढ्यात मधल्या दारातून बायकोनं नुसता हात हलवला. आवाजात हाक ऐकू येत नाही म्हणून त्यांच्या घरात हातांची भाषा होती. तळहात खाली म्हणजे सावकाश ये, तळहात वर म्हणजे आत्ता ये. तिचा तळहात वर होता.

मास्तरीण भिंतीला टेकून बसली होती. ओठ पापुद्र्यांसारखे सुटलेले. समोर यंत्र. यंत्रावर आकडा नव्हताच. साखर फार वाढली की ते आकडा द्यायचं सोडून नुसतं 'हाय' म्हणतं, तेच म्हणत होतं. शेजारी लघवीत बुडवलेली पट्टी पडली होती, जांभळट. साखर वापरता येत नाही तेव्हा शरीर आपलीच चरबी जाळायला लागतं आणि त्या जाळाचा विषारी धूर रक्तात साठतो, असं तिनं एकदा त्याला समजावलं होतं. पट्टी जेवढी जांभळी तेवढा धूर जास्त.

"रात्रीची सुई कुणी दिली?" तिनं विचारलं.

भिंतीपलीकडे दगड फिरत होता. बायको चुलीकडे बघत राहिली. गिरणीवाल्यानं डोक्याचं फडकं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं. मग म्हणाला, "पोटात काही नव्हतं तुझ्या. रिकाम्या दगडावर पट्टा चढवत नाहीत, पोरी."

ती ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं डोळे मिटले, उघडले, आणि वर्गात ढ मुलाला दुसऱ्यांदा गणित समजवावं तशी बोलायला लागली.

"बाबा, तुमच्या गिरणीत दाणा वरनं पडतो. ओतणारा थांबला की दगड रिकामा. माझं तसं नाही. माझ्या आत एक पोतं आहे, यकृतात. मी जेवले नाही तरी ते साखर सांडत राहतं. आणि ताप आला की ते फाटतं, भसाभस सांडतं. मी उपाशी होते, दगड उपाशी नव्हता. कळलं?"

त्याला कळलं. त्याच्या भाषेत सांगितल्यावर न कळायला तो दगड थोडाच होता. पण कळल्याबरोबर तो उंबऱ्यावरच बसला.

"बसू नका, कामं आहेत," मास्तरीण म्हणाली.

तिनं नर्सताईंना फोन लावायला सांगितला. मोठ्या गावच्या रुग्णालयातल्या ह्या नर्सताईंनीच तिला सगळं शिकवलं होतं. राहिलेली सुई किती घ्यायची, जोडीला भरभर काम करणारी किती घ्यायची, हे तिनं स्वतः विचारून, उलट म्हणून दाखवून पक्कं केलं. सुईची टोपी निघेना म्हणून बायको पुढे झाली, तेव्हा म्हणाली, आधी हात धू. बायकोनं हात धुतले. पोटाची चिमूट धरून पोरीनं आपणच दोन्ही सुया घेतल्या, तोंड वाकडं न करता. एवढ्या तापात, एवढी तहान लागलेली असताना, कोरड पडलेल्या तोंडानं तिनं सुईवरचा आकडा दोनदा मोठ्यानं वाचला. गावातली धडधाकट माणसं जुलाबाची गोळी घेताना आरडाओरडा करतात.

मग तिनं दोघांना समोर बसवलं. नर्सताईंचा निरोप असा होता की घोटघोट पाणी चालू ठेवायचं, साखर आणि पट्टी पुन्हा पुन्हा बघायची, आणि पाणी पोटात ठरलं नाही किंवा पट्टी गडद झाली तर वाट न बघता निघायचं. मास्तरणीनं त्यात आपलं एक जोडलं.

"तोवर मी नीट बोलत असेन की नाही, सांगता येत नाही. हे वाढलं की माणूस भलतंच बोलतं. मी म्हणेन बरं वाटतंय, झोपू द्या. तेव्हा माझं ऐकायचं नाही. आत्ता बोलतेय ती मी. तेव्हा बोलणारी मी नसेन."

बायकोनं मान हलवली. मास्तरीण बापाकडे बघत होती.

"म्हणून दाखवा."

"कळलं गं."

"कळलं तर म्हणून दाखवा."

पिठानं माखलेला तो पुरुषभर उंचीचा माणूस उंबऱ्यावर हात गुडघ्यात घालून बसला आणि त्यानं धडा म्हटला. पाणी ठरलं नाही तर. पट्टी गडद झाली तर. ती नको म्हणाली तरी. मध्ये अडखळला, तिनं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. भिंतीपलीकडे दगडाचा आवाज चिरका व्हायला लागला होता. तो उठायला लागला. ती म्हणाली, पूर्ण करा. त्यानं उरलेला धडा उभ्यानंच भराभर म्हटला आणि पुढचं पोतं ओतायला धावला. वेळेवर पोचला.

सकाळ कामात गेली. बायको मधल्या दारात तळ ठोकून होती. एक हात पोरीच्या पाण्याच्या वाटीवर, एक हात तराजूवर. चमचा चमचा पाणी द्यायचं, मग पोतं तोलायचं, मग पुन्हा चमचा. मीठ घातलेली पातळ पेज दिली. बराच वेळ ती पोटात ठरली. गिरणीवाला दर पोत्याला एकदा आत डोकावायचा. पोरगी बोट दाखवून खुणावायची, ठीक आहे. एकदा तर तिनं त्याच्या पिठाळ मिशांची नक्कल केली, ओठावर बोट आडवं धरून. त्याला वाटलं, गेलं संकट. त्यानं शिट्टीही वाजवली असेल, आवाजात कुणाला ऐकू आली नाही.

रांगेतली माणसं मात्र चौकशी करत होती, आणि गावाची चौकशी म्हणजे निम्मी मजाच असते. शिंपिणीनं विचारलं की काय झालं, साखर का. वर म्हणाली, उपाशी पोराला सुया टोचता, तुमच्या काळजाला काही होत नाही का. काल हेच त्यालाही वाटलं होतं, म्हणून तो जास्तच खजील झाला. त्यानं रांगेतलं पुढचं पोतं ओतलं.

दुपार झाली तसं ऊन गिरणीच्या पत्र्यावर चढलं. आत श्वास घेतला की छातीत पीठ जायचं. पुढाऱ्याचा माणूस मोठं पोतं घेऊन आला होता, त्याची पाळी लागली होती. पोतं अर्धं दगडात गेलं आणि मधल्या दारातला हात दिसला नाही म्हणून गिरणीवाल्यानं आत पाहिलं.

बायको परसात गोधडी धूत होती. पोरगी दोनदा ओकली होती. पेज, पाणी, सगळं बाहेर. बायको गोधडी टाकून आत आली तेव्हा तिच्या हातात ओली पट्टी होती. तिनं ती नुसती उजेडात धरली. वांग्याच्या सालीसारखी.

"मास्तरीण," त्यानं हाक मारली.

"हं."

"चल. निघायचं."

"नको. बरंय मला." शब्द एकमेकांना चिकटून येत होते. "झोपू दे ना बाबा. थोडं. मग जाऊ."

कितीतरी दिवसांनी ती त्याला झोपू दे ना म्हणाली होती, लहान असताना म्हणायची तसं. कपाळ गार लागत होतं, ताप उतरल्यासारखं. बाहेर अर्धं दळलेलं पोतं, मागे रस्त्यापर्यंत रांग, वीज जायला थोडाच वेळ. पोर स्वतःच म्हणतेय बरंय. त्याच्या मनात आलं, झोपू द्यावं. घटकाभर. काल रात्रीसारखंच अगदी सहज मनात आलं.

पण दगड चालू असताना आत काहीच नीट ऐकू येत नसे. तो माघारी वळला, गिरणीत गेला आणि त्यानं मोटरचा खटका खाली ओढला. दगडांत दाणा असताना. भरल्या तोंडाची गिरणी बंद करायची नाही, हाही बापाचाच नियम; तशी बंद केली की दाणा दगडांत चेपून बसतो, पुन्हा सुरू करायला दगड उचलून साफ करावा लागतो. पुढाऱ्याचा माणूस काय काय बोलला ते त्यानं ऐकलं नाही. पट्टा फटफटत थांबला. गाव एकदम शांत झालं.

आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून त्याला पोरीचा श्वास ऐकू आला.

खोल, भराभर, ओढून घेतल्यासारखा. झोपलेल्या माणसाचा श्वास असा नसतो. ज्यानं जन्मभर एकच आवाज ऐकला त्याला दुसरा कळायला वेळ लागत नाही. तिच्यात दगडावर दगड घासत होता. तो जाऊन तिच्या तोंडाजवळ वाकला. तापलेल्या पिठाचा वास त्याच्या नाकाला हातभर लांबून कळायचा. हा वास वेगळा होता, गोडसर, पेटीत सडलेल्या फळांचा.

"नको म्हटलं ना," ती म्हणाली आणि तिनं त्याला ढकललं. "मी नको म्हणतेय."

"म्हण," तो म्हणाला. "सकाळच्या मास्तरणीनं सांगितलंय, तुझं ऐकायचं नाही."

त्यानं तिला गोधडीसकट उचललं. पंधरा वर्षांची पोर, पण गव्हाचं पोतं तिच्याहून जड असतं. दारात बियाणं घेऊन आलेला टेम्पो उभा होता. टेम्पोवाला घरात लहान मूल आहे म्हणत मागे सरला. उलट्यांची साथ त्यालाही ठाऊक होती. बायकोनं त्याला काही विचारलंच नाही. डबा आणि मडकं पोटाशी धरून ती मागच्या फळीवर चढली, बियाण्याची दोन पोती पायानं बाजूला सारली आणि नवऱ्याला म्हणाली, द्या इकडे. टेम्पोवाल्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चावी फिरवली.

पुढाऱ्याचा माणूस आडवा आला. पोतं अर्धवट, पीठ अर्धवट, रांग काय म्हणेल. गिरणीवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा रांगेसमोर मोठा आवाज काढला. "पोतं कुठं मरत नाही. बाजूला हो."

रस्ता खडबडीत होता. बायकोनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती बाटलीच्या झाकणानं तिचे ओठ भिजवत होती. पोरगी मध्येच शिव्या देत होती, मध्येच शाळेतल्या कवितेची ओळ म्हणत होती. बायको दिवसभरात पहिल्यांदा नवऱ्याशी त्याबद्दल बोलली. आवाज चढवला नाही.

"रात्री मी विचारलं होतं."

"हो," तो म्हणाला.

मोठ्या गावाच्या अलीकडचा चढ लागला तेव्हा तिनं पदराच्या टोकानं त्याच्या पापण्यांवरचं पीठ पुसलं, कारण त्याला समोरचं दिसेनासं झालं होतं.

रुग्णालयात एक डॉक्टरीण होती, डोळ्यांखाली काळं, पायात एकीकडे झिजलेल्या चपला. तिनं पोरीचा श्वास ऐकला आणि कागद मागायच्या आधी सलाईन मागितलं. नर्सताईही धावत आल्या. दोन्ही हातांत नळ्या लागल्या. इन्सुलिन थेंबाथेंबानं सुरू झालं. गिरणीवाला कोपऱ्यात उभा राहिला. खुर्ची होती, पण आपण बसलो तर खुर्ची पांढरी होईल म्हणून बसला नाही. एका परिचारकानं त्याला दोनदा बाहेर काढलं, पीठ उडतं म्हणून. तो बाहेर जाई आणि कपडे झटकून परत येई.

संध्याकाळ होता होता पोरीचा श्वास जरा सावकाश झाला. डॉक्टरीण हात पुसत बाहेर आली. म्हणाली, अजून उद्यापर्यंत लक्ष ठेवावं लागेल, पण चांगलं वळण घेतलंय. मग म्हणाली की अशी पोरं आमच्याकडे बहुतेक बेशुद्ध येतात, घरचे झोपलीय म्हणून थांबलेले असतात. "तुम्ही वेळेत निघालात. आणायचं कुणी ठरवलं?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. श्रेय घ्यायला माणूस किती वेळ लावतो, ते बायकांना चांगलं ठाऊक असतं.

"तिनंच," गिरणीवाला म्हणाला. "सकाळीच ठरवून ठेवलं होतं. मी फक्त उचललं." आणि थोडं थांबून, खाली बघत, "रात्रीची सुई मी चुकवली होती."

डॉक्टरीण त्याला बोलली, आणि बोलायलाच हवं होतं. आजारपणात, उपाशी असताना, ती रात्रीची सुई तर कधीच थांबवायची नाही, असं तिनं बोट दाखवून सांगितलं. त्यानं तिला मध्येच अडवून म्हटलं, हो, आतलं पोतं. तिला कळलं नाही. नर्सताईंना कळलं, त्या हसल्या.

मास्तरीण दुसऱ्या दिवशी सकाळी नीट जागी झाली. ओठ तसेच सुटलेले, पण डोळे तिचे होते. बापाला बघून तिनं पहिलं विचारलं, "मी नको म्हटलं होतं का?"

"म्हणालीस की. ढकललंसही."

"मग?"

"मग काय. धडा पाठ होता."

ती त्याच्या पिठाळ बाहीकडे बोट दाखवून म्हणाली की रुग्णालयात कुणी असं येतं का, आणि निदान तोंड तरी धुवायचं होतं.

घरी परतल्यावर त्यांना दारापासून रस्त्यापर्यंत रांग तशीच दिसली. एकही पोतं हललं नव्हतं. पुढाऱ्याचं अर्धं पोतंही जागच्या जागी, वरून कुणीतरी फडकं टाकलेलं. माणसांची तोंडं कितीही सुटली तरी पोती मात्र शिस्तीनं उभी होती. गिरणीवाल्यानं दगड उचलला, चेपलेला दाणा खरवडून काढला, दगडाला नव्यानं टाकी लावून धार काढली आणि दुसऱ्या सकाळी वीज आल्याबरोबर मोटर चालू केली.

मास्तरीण आतल्या खोलीत पडून होती. अशक्तपणा होता, जेवण निम्मंच जात होतं. आदल्या दिवेलागणीला तर दोन घासांवर तिनं ताट सारलं होतं. गिरणीवाला हात धुऊन कोनाड्याशी गेला होता आणि रात्रीच्या सुईचं पेन आणून त्यानं तिच्या हातात दिलं होतं. जेवलीस का, हे त्यानं विचारलं नव्हतं. तिनं सुईवरचा आकडा नेहमीसारखा दोनदा मोठ्यानं वाचला होता.

शिंपीण ताटकळत उभी होती, तिच्या कानावर ते आलं होतं. भिंतीला कान असतात की नाही ठाऊक नाही, शिंपिणीला होते. दोन घास खाल्लेल्या पोरीला पुन्हा सुई दिलीत म्हणे, असं ती चारचौघांत म्हणाली. कसायाचं काळीज आहे तुमचं.

एरवी तो गप्प राहिला असता. त्या दिवशी त्यानं तिचं पोतं खाली ठेवलं, बाह्या सारल्या आणि बोलायला लागला. आतलं पोतं म्हणजे काय, ते कुठे असतं, तापात ते कसं फाटतं, धूर कसा होतो, पट्टी जांभळी का होते. शिंपीण चुळबुळायला लागली. त्यानं तिला सोडलं नाही. रांगेतली दोघं-तिघं जवळ सरकली. पुढाऱ्याचा माणूसही कान देऊन उभा राहिला. गिरणीवाला हातवारे करत होता, पीठ उडत होतं, आणि शिंपिणीला शेवटी तो म्हणाला, "कळलं? कळलं तर म्हणून दाखवा."

शिंपिणीनं तोंड उघडलं. एवढ्यात भिंतीपलीकडून, मोटरच्या आवाजावर ताण करून, हाक आली. आवाज अजून बसलेला होता, पण मास्तरणीचाच.

"बाबा, दगड रिकामा फिरतोय."

त्यानं कान टवकारले. खरंच फिरत होता. जन्मात पहिल्यांदा. ठिणग्या उडत होत्या. शिंपिणीचं पोतं छातीशी कवटाळून तो धावला, आणि धावता धावता हसत होता.